तोट्यातलं विमान : प्रस्तावना

आधी शब्दाचा गुंता. बायप्लेनला मराठीत ‘द्विपंखी विमान’ म्हणायची पद्धत आहे. कोशात तो शब्द नीट दिसतो, पण शेजारच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सांगून पाहा की मी द्विपंखी विमान उडवायला निघालोय. तो विचारतो, ‘मग बाकीच्या विमानांना किती पंख असतात?’ त्याचं चुकत नाही. चिमणीला दोन पंख, घारीला दोन, मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या विमानालाही दोनच. विमानशास्त्र डावा आणि उजवा मिळून एकच पंख मोजतं. आपली भाषा तसं मोजत नाही. म्हणून या पुस्तकात मी सरळ ‘दुमजली विमान’ असं म्हटलं आहे. वरचा मजला, खालचा मजला, मधे खांब आणि खांबांमधून तिरप्या ताणलेल्या तारा. परिभाषा ठरवणाऱ्यांना हा शब्द घरगुती वाटेल. वाटू द्यावा. ज्या वस्तूचा सांगाडा खरोखर घरासारखा उभा राहतो, तिला घरगुती शब्द शोभतो.

विषय आहे तो अशाच एका दुमजली विमानाचा: साधारण एक मीटर पंखविस्ताराचं, विजेच्या मोटरवर चालणारं, जमिनीवरून रेडिओनं हाताळायचं आणि आकाशात कोलांट्या, लोळणी, गिरक्या घेण्यासाठीच बांधलेलं. ज्यांनी एखादं फोमचं शिकाऊ विमान उडवलंय, कॉलेजच्या स्पर्धेसाठी सनबोर्ड कापून काहीतरी हवेत नेलंय, किंवा एनसीसीच्या एअर विंगमध्ये ज्यांची एरोमॉडेलिंगशी ओळख झाली आणि नोकरी लागल्यावर ती सुटली, अशा वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून मी लिहिलं आहे. अगदी पहिलंच विमान म्हणून मात्र हे घेऊ नये. सायकल न येणाऱ्यानं सर्कशीतली एकचाकी घेण्यासारखं ते होईल.

आता मुख्य गोष्ट, जी मला कळायला बरीच वर्षं आणि चार विमानं लागली. हिशेबात दुमजली विमान तोट्याचं आहे. उड्डाण म्हणजे कमीत कमी ताकदीत जास्तीत जास्त लांब जाणं, अशी व्याख्या केली तर हे विमान नापास होतं. पण तोटा नेमका कुठे आहे, कशामुळे आहे आणि कोणत्या क्षणी तो उलटून उपयोगी पडतो, हे ज्याला समजलं त्याला हा विषय समजला.

तोट्याचं मूळ दोन मजल्यांमधल्या पोकळीत आहे. पंखाच्या खालच्या बाजूला हवेचा दाब जास्त आणि वरच्या बाजूला कमी, म्हणून पंख उचलला जातो. एकावर एक पंख ठेवले की वरच्या पंखाखालचा जादा दाब आणि खालच्या पंखावरचा कमी दाब एकाच पोकळीत समोरासमोर येतात आणि एकमेकांना खातात. खालच्या पंखाला याचा फटका अधिक बसतो. दोन पंख लावले म्हणून उचल दुप्पट होत नाही. त्यात खांब, तारा, जोड यांचा हवेला होणारा अडथळा वेगळाच. जर्मनीत लुडविग प्रांटल आणि त्यांचे शिष्य मॅक्स मुंक यांनी गेल्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात हा हिशेब गणितात बसवला. मुंक पुढे अमेरिकेत गेले आणि तिथल्या सरकारी संशोधनसंस्थेत हेच काम त्यांनी वाढवलं. त्या गणितात एक खोच आहे, ती बरेच जण विसरतात. दोन विमानांचा पंखविस्तार सारखाच असेल आणि वजनही तेच असेल, तर उचल निर्माण करताना होणारा अडथळा दुमजली विमानाला एकमजलीपेक्षा कमी होतो. तोटा होतो तो पंखांचं एकूण क्षेत्र सारखं ठेवल्यावर, कारण तेवढंच क्षेत्र एका लांब पंखात घातलं तर तो लांब पंख बाजी मारतो. म्हणजे सगळा प्रश्न लांबी परवडते की नाही एवढ्यावर येतो.

सुरुवातीला ती परवडत नव्हती. ऑक्टेव्ह शनूट हा पॅरिसमध्ये जन्मलेला अमेरिकन अभियंता. त्याची हयात रेल्वेमार्ग आणि पूल बांधण्यात गेली. साठी ओलांडल्यावर तो प्रत्यक्ष ग्लायडर उडवण्याकडे वळला. १८९६ साली मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांवर त्यानं आणि त्याच्या तरुण सहकाऱ्यांनी जे दुमजली ग्लायडर उडवलं, त्यात पुलाचीच युक्ती होती. रेल्वेच्या लोखंडी पुलांना उभे खांब आणि त्यांच्यामधून तिरपे दांडे असतात. तिरपे दांडे फक्त ताण सोसतात, उभे खांब फक्त दाब सोसतात, आणि सगळा सांगाडा हलका असूनही वाकत नाही. शनूटनं हीच रचना कापड, लाकूड आणि तारेत आणली. राइट बंधूंनी ती उचलली आणि १९०३ साली तिच्यावर इंजिन बसवलं. पुढची तीसेक वर्षं आकाशात या पुलांचं राज्य होतं. धातूचा, आतून मजबूत, तारांशिवाय तगणारा एकच पंख बनवता यायला लागला तशी दुमजली विमानं हळूहळू शेतात फवारणीला, शिकाऊ वैमानिकांच्या हाताखाली आणि संग्रहालयात गेली. भारतातल्या फ्लाइंग क्लबांत टायगर मॉथवर शिकलेली पिढी आता फार थोडी उरली आहे.

मग ते कसरतींसाठी का परत आलं? याचं उत्तर कर्टिस पिट्स या अमेरिकन माणसाकडे सापडतं. १९४४ साली त्यानं एक इवलंसं दुमजली विमान उडवलं. मोठी विमानं वळायला आणि लोळायला आळशी असतात, हे त्याला खटकत होतं. लोळण घेताना विमानाला अडवतात त्या दोन गोष्टी. पंखाचं टोक अंगापासून जितकं दूर, तितकं ते फिरवणं जड. आणि टोक जितकं दूर, तितकी ते फिरताना हवा जास्त झोडतं. दोन्हींचं औषध एकच: पंख आखूड करा. आखूड पंखात क्षेत्र पुरत नसेल तर दुसरा मजला चढवा. जो दुसरा मजला शनूटनं मजबुतीसाठी घेतला, तोच पिट्सनं चपळाईसाठी घेतला. पुढे रूढ झालेल्या पिट्स एस-१एसचा पंखविस्तार जेमतेम सव्वापाच मीटर भरतो. तेवढ्यात आपली एखादी मोटारगाडी पुढे-मागे थोडी जागा सोडून उभी राहते.

बेटी स्केल्टन या तरुणीनं १९४८ साली असंच एक पिट्स विकत घेतलं. त्याचं नाव ‘लिटल स्टिंकर’. त्यावर ती १९४९ आणि १९५० साली अमेरिकेतली महिला कसरत-विजेती ठरली. जमिनीपासून दहाएक फुटांवर, उलटं उडत, दोन खांबांमध्ये ताणलेली फीत कापणं हा तिचा गाजलेला खेळ. हे विमान आता वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियनच्या उडवार-हेझी केंद्रात आहे, आणि तिथेही ते उलटंच टांगलेलं आहे. संग्रहालयवाल्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी अशा फार थोड्या जागा असतात, ही एक. १९७२ साली फ्रान्समधल्या सालों-द-प्रोव्हान्स इथे झालेल्या जागतिक स्पर्धेत अमेरिकी संघ पिट्स घेऊन उतरला आणि संघाचं व वैयक्तिक, दोन्ही विजेतेपदं घेऊन गेला. हवाई युद्धातून हद्दपार होऊन तीसेक वर्षं झालेल्या रचनेनं हे केलं. नंतर रशियन सुखोई आणि जर्मन एक्स्ट्रा यांसारख्या एकमजली विमानांनी तिला मागे टाकलं हे खरं. पण तोवर दुमजलीनं आपली जागा सिद्ध केली होती.

दुमजलीची आणखी एक देणगी आहे. विमान उभं वर जातं तेव्हा वेग घटतो, उभं खाली येतं तेव्हा वाढतो. कसरत सुबक दिसायची तर हा चढउतार कमी हवा. गुळगुळीत एकमजली विमान खाली येताना सुसाट सुटतं. दुमजलीचे खांब आणि तारा मात्र हवा अडवतात आणि उतारावर ब्रेकसारखं काम करतात. लांबच्या प्रवासात जो अडथळा शाप, तोच उभ्या उतारावर वरदान. मॉडेलच्या खेळात दुमजलीचा फायदा फार उघड दिसतो. रेडिओवरच्या विमानांची कसरतीची जागतिक स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमधल्या ड्युबेनडॉर्फला सुरू झाली. त्या वर्गाचं नाव एफ-३-ए. आजच्या नियमांत विमान दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद अशा चौकटीत बसावं लागतं आणि वजन ५ किलोच्या आत ठेवावं लागतं. चौकट ठरलेली आणि आतला माल वाढवायचा, म्हटल्यावर आपल्याकडचा बिल्डर काय करतो? मजला चढवतो. सन २०१०नंतर या स्पर्धेतले अव्वल वैमानिक एकामागून एक दुमजली विमानं घेऊन उतरू लागले, त्यामागे मला तरी हेच दिसतं. जुन्या काळाची ओढ त्यात कुठेच नव्हती.

आता आपल्या टेबलावरच्या विमानाकडे येऊ. पिट्सचा एक-पंचमांश केला की सव्वापाच मीटरचे एक मीटर पाच सेंटिमीटर होतात. पंखांचं क्षेत्र मात्र पंचवीस पटींनी कमी होतं, आणि वजन सव्वाशे पटींनी कमी व्हायला हवं. अस्सल विमान उड्डाणाच्या वेळी सुमारे ५२० किलो भरतं. म्हणजे तंतोतंत छोटी आवृत्ती ४ किलोहून थोडी जड होईल. आपण ती दीड-पावणेदोन किलोत बांधतो. सगळी गंमत या फरकात आहे. १.६ किलोच्या मॉडेलला सुमारे ३६ चौरस डेसिमीटर पंख मिळतो, म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ४४ ग्रॅमचा भार. असं विमान ताशी तीसेक किलोमीटर वेगातही तरंगू शकतं. रस्त्यावरची स्कूटर याहून जोरात जाते. पण लहान होण्याची किंमतही असते. पंख अरुंद आणि वेग कमी झाला की हवेचा चिकटपणा जास्त जाणवतो. मॉडेलसाठी तीच हवा जणू पातळ काकवी होते. दुमजलीत एका रुंद पंखाचे दोन अरुंद पंख होतात, त्यामुळे हा त्रास त्याला दुप्पट. म्हणूनच पंखांची पुढची कड सांगितली तेवढीच गोल ठेवा. घासण्याच्या उत्साहात ती धारदार केली की विमान कुठलीही सूचना न देता एका अंगावर कलंडतं.

विजेवरच्या विमानांचा इतिहास मी पुढे सविस्तर दिला आहे, पण त्यातली दोन-तीन माणसं इथेच भेटवतो. विल्यम आणि वॉल्टर गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली अमेरिकेत रेडिओवर विमान उडवलं, ते पेट्रोल इंजिनाचं. विजेवर चालणारं रेडिओ-विमान नोंदलं गेलं ते त्यानंतर वीस वर्षांनी, ३० जून १९५७ रोजी, इंग्लंडमध्ये. उडवणारे कर्नल टॅपलिन, विमान ‘रेडिओ क्वीन’, बॅटरी चांदी-जस्ताची. फ्रेड मिलित्की यांनी मॉडेलांपासून सुरुवात केली आणि १९७३ साली ऑस्ट्रियात माणसाला घेऊन विजेवर उडणारं पहिलं विमान हवेत नेलं. म्हणजे विजेचं विमान आधी खेळण्यात उडलं आणि मग माणसाला घेऊन. आज विजेच्या टॅक्सी-विमानांच्या बातम्या वाचताना हा क्रम लक्षात ठेवायला हरकत नाही.

खरी क्रांती दोन गोष्टींनी केली. लिथियम पॉलिमर बॅटरी आणि ब्रश नसलेली मोटर. तिच्या आपल्या कामाच्या प्रकारात बाहेरचं कवच चुंबकांसकट फिरतं आणि आतली गुंडाळी स्थिर राहते. सन २०००नंतरच्या काही वर्षांत हौशी मंडळींनी मोडीतल्या सीडी-रॉम ड्राइव्हमधल्या चिमुकल्या मोटरी काढून, तार नव्यानं गुंडाळून, जोरदार चुंबक चिकटवून विमानाला लावायला सुरुवात केली. पुण्यातल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या ड्राइव्हचे ढीग पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. या मोटरींची खासियत म्हणजे त्या कमी फेऱ्यांत मोठा पंखा जोरानं फिरवतात, आणि अडथळ्यानं भरलेल्या, हळू जाणाऱ्या दुमजली विमानाला नेमका असाच मोठा, संथ पंखा लागतो.

आकडे सांगतो, म्हणजे बाजारात गेल्यावर फसायला होणार नाही. आपल्या १.६ किलोच्या विमानाला चार सेलची, २६०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी, एका व्होल्टला ८०० फेऱ्यांच्या आसपासची मोटर आणि १३ बाय ६.५ इंची पंखा लावला तर पूर्ण थ्रॉटलवर ४० ते ४५ अँपिअर प्रवाह जातो. ताकद ६०० वॅटच्या पुढे, म्हणजे किलोमागे जवळजवळ ४०० वॅट. अस्सल पिट्सला १८० अश्वशक्तीचं इंजिन असतं. किलोमागे सुमारे २६० वॅट. मॉडेल आपल्या थोरल्या भावापेक्षा तगडं निघतं आणि सरळ वर चढताना थकत नाही. वेळ मात्र मोजका मिळतो. त्या बॅटरीत ३८ वॅट-तास साठतात, त्यातले तीसच वापरायचे, आणि कसरतीचा सरासरी खर्च धरला की सहा-सात मिनिटं हातात येतात. मी टायमर पाच मिनिटांवर लावतो. बॅटरी वाचवून दोन मिनिटं आधी उतरणाऱ्याला मैदानावरची मुलं भित्रा म्हणतात. त्यांच्यातल्या निम्म्यांची विमानं मी बाभळीतून काढून दिली आहेत.

दुमजलीचं नाक आखूड असतं, म्हणून ते बहुधा शेपटीकडे जड होतं. जुन्या काळी नाकात शिसं भरत. आता बॅटरीच पुढे, मोटरच्या पाठीमागे सरकवायची: जे वजन घ्यायचंच होतं ते कामाला लागतं. आणि एक सुख असं आहे की ज्यानं जुन्या ग्लो इंजिनाचं दुमजली विमान पुसलंय त्यालाच ते कळेल. एरंडेलाचा चिकट थर पंखावर, खांबांवर, तारांवर, प्रत्येक बेचक्यात. उडवायला दहा मिनिटं, पुसायला पाऊण तास. मोटर तेल गाळत नाही. पण तिच्याबद्दल एक धास्ती मनात कायम असू द्या. इंजिनात बोट अडकलं तर ते बहुधा बंद पडतं; मोटर मात्र अडथळा आला की उलट जास्त प्रवाह ओढून जोर लावते. बॅटरी जोडली त्या क्षणापासून पंखा जिवंत समजायचा. टेबलावर रेडिओची जुळणी करताना तो काढूनच ठेवायचा.

बांधणीची प्रकरणं लांबलचक आहेत, त्यांची इथे पुनरुक्ती करत नाही. बाल्सा कसा निवडायचा, फेविक्विक कुठे चालतं आणि अराल्डाइट कुठे लागतं, फिल्म चढवताना इस्त्री किती गरम असावी, हे सगळं तिथे आहे. बाल्साबद्दल एकच सांगतो: हे लाकूड मुख्यतः इक्वेडोरहून येतं आणि एकाच गठ्ठ्यातल्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो. वजनकाटा घेऊन दुकानात जायची लाज बाळगू नका.

माझं पहिलं दुमजली विमान ज्या चुकीनं बिघडलं, ती चूक मात्र इथेच सांगायला हवी. पंख सुबक झाले होते, रंग झकास होता. वरचा पंख खांबांवर बसवताना मी नजरेनं पाहिलं आणि स्क्रू आवळले. हवेत गेल्यावर थ्रॉटल वाढवला की विमान नाक वर करायचं, कमी केला की खाली घालायचं. उलटं केलं तर काडी जवळजवळ शेवटापर्यंत ढकलूनही ते जमिनीकडेच जायचं. मी आठवडाभर मोटरच्या कोनाला दोष देत होतो. शेवटी कोनमापक लावला. वरचा पंख खालच्यापेक्षा दीड अंशानं वर तोंड करून बसला होता. १८० मिलिमीटर रुंद पंखात दीड अंश म्हणजे पुढच्या आणि मागच्या कडेत पावणेपाच मिलिमीटरचा फरक. एवढा फरक नजरेला का दिसला नाही? कारण वरचा पंख हवेत, खांबांवर असतो, आणि त्याला लागून डोळ्याला धरायला सरळ रेषाच नसते. सांगायचं तर असा फरक मुद्दाम ठेवलेली विमानंही असतात. वरचा पंख थोडा जास्त चढता ठेवला की वेग घटल्यावर तो आधी हार मानतो, नाक आपोआप झुकतं आणि खालच्या पंखाचे एलेरॉन तोवर काम करत राहतात. शिकाऊ विमानाला ही सोय छान. कसरतीच्या विमानाला मात्र सुलटं आणि उलटं सारखंच वाटलं पाहिजे, म्हणून दोन्ही पंखांचा छेद वरून-खालून सारखा आणि दोन्ही पंख शून्य अंशावर. खुद्द पिट्सलाही खालून सपाट असलेल्या पंखाकडून दोन्ही बाजूंनी सारख्या पंखाकडे यायला बरीच वर्षं लागली.

तोलाचा प्रश्न, म्हणजे सीजीचा, दुमजलीत नवख्याला हमखास गोंधळात टाकतो. एकच पंख असेल तर पुढच्या कडेपासून एक चतुर्थांशावर खूण करून मोकळं होता येतं. इथे वरचा पंख पुढे, खालचा मागे. चतुर्थांश कुणाचा धरायचा? पद्धत पुढे आकृतीसह दिली आहे. ती वाचताना मला नेहमी येवल्यातली आमची गच्ची आठवते. येवल्यात संक्रांतीचे तीन दिवस कुणी जमिनीवर नसतं. पतंगाला मंगळसूत्र बांधायचं काम माझं आणि आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, धरायचं काम धाकट्या बहिणीचं. (बाहेरच्या वाचकासाठी: मंगळसूत्र म्हणजे पतंगाच्या कामट्यांना बांधलेला दुपदरी दोरा; मांजा त्याला जोडतात.) गाठ बोटभर वर गेली किंवा खाली गेली की तोच पतंग एकदा ढिम्म बसायचा, एकदा नाचत सुटायचा. कागद तोच, कामट्या त्याच, वारा तोच. विमानाचा तोल पाच मिलिमीटर मागे सरकवला की नेमकं हेच होतं. पहिल्या उड्डाणाला तोल ढिम्मपणाच्या बाजूला ठेवा. नाचवणं पुढच्या आठवड्यात.

उडवण्याच्या प्रकरणात कोलांटी, लोळण, स्टॉल टर्न, स्नॅप रोल, सपाट गिरकी असे प्रकार क्रमानं घेतले आहेत. स्नॅप रोल ही दुमजलीची खास मिरासदारी: आखूड पंख, झटकन बसणारा आणि झटकन सुटणारा वाऱ्याचा धरबंध. या प्रकारांसाठी आकृत्या दिल्या आहेत त्या होसे लुईस आरेस्ती या स्पॅनिश वैमानिकाच्या लिपीत. त्यानं प्रत्येक कसरतीला रेघ, बाण, त्रिकोण यांची चिन्हं दिली आणि वैमानिक ती चिठ्ठी समोर चिकटवून अख्खा कार्यक्रम उडवू लागले. भातखंड्यांनी बंदिशी कागदावर आणल्या, त्याच जातीचं हे काम. आणि तीच तक्रारही इथे ऐकू येते: चिन्हांत कोलांटीचा आकार येतो, तिची गोलाई येत नाही. खालून कोलांटी अंड्यासारखी दिसते ती वरच्या भागात वेग पडल्यामुळे. तिथे एलेव्हेटर सैल सोडायचा असतो. हे कुठल्याही चिन्हात लिहिलेलं नाही.

उतरण्याबद्दल मात्र इथेच बजावतो, कारण पहिल्या दिवशी विमानं मोडतात ती उतरताना. फोमचं शिकाऊ विमान थ्रॉटल बंद करून तरंगत आणायची सवय हाताला लागलेली असते. दुमजलीत थ्रॉटल बंद केला की खांब, तारा आणि मोकळा फिरणारा पंखा मिळून ते पायरीवरून घसरल्यासारखं खाली येतं. जमिनीला चाकं टेकेपर्यंत थोडी ताकद चालू ठेवा. चाकं टेकल्यावरही रडर सोडू नका. शेपटीपर्यंतचं अंतर आखूड आणि शेपटीचं चाक मागे, त्यामुळे ते भोवऱ्यासारखं वळायला टपलेलंच असतं.

आपल्या हवेबद्दल परदेशी पुस्तकांत काही सापडत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांवर असताना इथली हवा प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ होते. पंख, पंखा, दोघांनाही कमी खाद्य. उतरण्याचा वेग सातआठ टक्क्यांनी वाढतो. बॅटरीही अशा उन्हात बंद गाडीत फुगते. म्हणून आपला मोसम दिवाळी ते होळी, आणि वेळ सकाळची, नऊच्या आत. नऊनंतर माळ तापतो, हवा वर चढू लागते आणि तिच्यासोबत घारी येतात. त्या विमानाभोवती घिरट्या घालतात. कुतूहलानं की रागानं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. घार दिसली की वर चढू नये, खाली यावं. तिचा हक्क आधीचा.

कायद्याचं थोडक्यात. २०२१च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात आणि हौसेसाठी किंवा शिक्षणासाठी उडवायच्या मॉडेल विमानांचा स्वतंत्र उल्लेख आहे. लाल, पिवळा, हिरवा असे हवाई क्षेत्राचे भाग पाडले आहेत. जागेचा रंग नकाशावर पाहिल्याशिवाय बॅटरी गाडीत ठेवू नका; लोहगावसारख्या विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यानं तर नाहीच. नियम बदलत असतात, म्हणून त्यांचा तपशील मी मुद्दाम छापलेला नाही.

राहिले आभार. कामटी तासायला शिकवणारे येवल्याचे पतंगवाले, मोटरची गुंडाळी सोडवून दाखवणारे तापकीर गल्लीतले दुकानदार, आणि माझी चूक कोनमापकानं दाखवून वर चहाही पाजणारा मित्र, यांचा मी ऋणी आहे. आणि बहीण. नव्या विमानाची मोटर पहिल्यांदा पूर्ण थ्रॉटलवर चालवून पाहायची तर कुणीतरी शेपटी घट्ट धरावी लागते. चौदा विमानं झाली. चौदाही वेळा ते काम तिनं केलं. ती डोळे मिटून शेपटी धरते. धूळ उडते म्हणून, असं तिचं म्हणणं आहे.